"लेव्हल करून या" म्हणजे नेमकं काय करायचं

गेल्या श्रावणात एक बाई पाच वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन माझ्या मेडिकलमध्ये आली. हातात लॅबचा रिपोर्ट. मुलाला आकडीसाठी व्हॅल्प्रोएटचं सिरप चालू, आणि रिपोर्टवर आकडा ११८, शेजारी ठळक अक्षरात 'जास्त'. बाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी एवढंच विचारलं, "सकाळचं औषध कधी दिलंत?"

"सात वाजता. औषध देवनच हाडलंय त्येका. डोस चुकूक नको म्हणान."

रक्त काढलं होतं साडेनऊला. म्हणजे औषध पोटातून रक्तात चढून ऐन भरतीला आलेलं असताना. तिच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला, दोन्ही वेळा सांगितल्या. त्यांनी डोसला हात लावला नाही. चार दिवसांनी सकाळच्या डोसच्या आधी पुन्हा रक्त काढायला लावलं. आकडा आला ६४. तोच मुलगा, तोच डोस, तीच बाटली.

डॉक्टर चिठ्ठीवर 'लेव्हल', म्हणजे रक्तात औषध किती आहे त्याची तपासणी, असं लिहितात, लॅबवाला सुई टोचतो, आणि मधलं सगळं आईबापांनी आपोआप समजून घ्यायचं असतं. ते मधलं इथे लिहितेय. मी फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नाही. सिंधुदुर्गात एका तालुक्याच्या गावी दुकान चालवते. त्यामुळे डोस किती हे मी सांगणार नाही, तुम्हीही कुणाच्या सांगण्यावरून बदलू नका. पण घरून निघाल्यापासून रिपोर्ट हातात येईपर्यंत काय काय चुकतं, ते काउंटरच्या या बाजूने पुष्कळ पाहिलंय.

आधी हे बघा: तुमच्या औषधाला लेव्हल लागते का?

बहुतेक औषधांना लागत नाही. तापाचं पॅरासिटामॉल, जंतुसंसर्गाचं अमॉक्सिसिलिन यांच्यासाठी रोजच्या वापरात कुणी लेव्हल करत नाही. काही औषधांचं मात्र कोकमाच्या सारातल्या मिठासारखं असतं. थोडं कमी तर चव नाही, थोडं जास्त तर तोंडात घालवत नाही, आणि दोहोंमधली जागा अगदी अरुंद. आकडीच्या औषधांपैकी फेनिटॉईन, फेनोबार्बिटोन, कार्बामॅझेपिन आणि व्हॅल्प्रोएट या जातीतली. लेव्हेटिरासिटॅमला सहसा गरज पडत नाही. हृदयाच्या काही मुलांना डिगॉक्सिन असतं. लघवीतून प्रथिनं जाणाऱ्या नेफ्रोटिक मुलांना किंवा किडनी बदललेल्यांना टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन असतं. त्यांची लेव्हल तर नेमाने होते. जेंटामायसिन, अमिकासिन, व्हँकोमायसिन यांची लेव्हल मूल दवाखान्यात दाखल असताना तिथलेच लोक बघतात, तुम्हाला धावपळ नाही.

तुमचं औषध यात बसत नसेल तर खालचा मोजमापाचा भाग तेवढा वाचा. तो सगळ्यांच्या उपयोगाचा आहे.

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे

नवजात बाळाचं यकृत आणि मूत्रपिंड अजून तयार झालेलं नसतं, औषध अंगात रेंगाळतं. पुढे साधारण वर्षापासून नऊ-दहा वर्षांपर्यंत उलटं होतं. या वयात बरीच औषधं मोठ्या माणसापेक्षा भराभर बाहेर टाकली जातात, म्हणून किलोमागे डोस मोठ्यांपेक्षा जास्तही असू शकतो. "एवढ्याशा पोराला एवढं औषध?" म्हणून आजी चमचा अर्धा करते, तेव्हा तिला हे सांगायचं.

शिवाय मूल वाढतं, आणि चिठ्ठी तीच राहते. हिशेब करून बघा. १२ किलोच्या मुलाला व्हॅल्प्रोएटचं सिरप, ज्यात ५ मिलीत २०० मिलिग्रॅम असतं, सकाळ-संध्याकाळ ३ मिली. दिवसाचे झाले २४० मिलिग्रॅम, म्हणजे किलोला २०. दीड वर्षाने मूल १६ किलोचं झालं आणि तुम्ही त्याच चिठ्ठीवर बाटल्या नेत राहिलात, तर किलोला १५ वर आलात. कुणीच डोस कमी केला नाही, तरी तो कमी झाला. गणवेश आखूड झाला की आपल्याला दिसतं, हे दिसत नाही. दर तीन महिन्यांनी अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात वजन करून वहीत लिहा.

वही हा शब्द आला म्हणून सांगते. एक साधी शंभर पानी वही याच कामाला ठेवा. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवणारे पुष्कळ असतात. फोन बदलला की सगळं जातं, आणि डॉक्टरांसमोर बसून बोट सरकवत फोटो शोधणाऱ्या बापाची मला दया येते.

चमचा फेकून द्या

लेव्हल चुकीची येण्याचं सगळ्यात मोठं कारण लॅबमध्ये नसतं, स्वयंपाकघरात असतं. घरातले चमचे सारखे नसतात. मुंबईहून आलेल्या स्टीलच्या सेटातला चमचा आणि जुना जर्मनचा चमचा यांत चांगलाच फरक पडतो. सुईशिवायची ५ मिलीची सिरिंज कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते, तिने द्या. सिरिंज बाटलीत बुडवून खेचा, टोक वर करून टिचकी मारा, बुडबुडा वर आला की हळूच बाहेर ढकला, आणि डोळ्यांसमोर आडवी नजर धरून रेघ वाचा. गालाच्या आतल्या बाजूने थोडं थोडं सोडा, घशात पिचकारी मारू नका.

आता मिली आणि मिलिग्रॅम. मिली म्हणजे पातळ औषध किती, मिलिग्रॅम म्हणजे त्यात खरं औषध किती. फेनिटॉईनचं पातळ औषध ५ मिलीत ३० मिलिग्रॅम आणि ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत बनतं. सिरिंज तीच, रेघ तीच, आणि औषध चौपटीहून जास्त. म्हणून वहीत "५ मिली" एवढंच लिहू नका. लेबलवरून औषधाचं नाव, ५ मिलीत किती मिलिग्रॅम, आणि तुम्ही किती मिली देता, असं तिन्ही उतरवा. बाटली संपली की रिकामी बाटली घेऊनच दुकानात या. "ती गुलाबी औषधाची बाटली द्या" असं म्हणणारे रोज येतात, आणि गुलाबी बाटल्या माझ्याकडे बऱ्याच आहेत.

फेनिटॉईनचं आणखी एक आहे. ते पाण्यात विरघळलेलं नसतं, तरंगत असतं. दोन दिवस बाटली फळीवर तशीच राहिली की तळाशी पांढरा गाळ बसतो, वर फिकट पाणी. न हलवता द्यायला घेतलं तर पहिले दहा-बारा दिवस मुलाला जवळजवळ गोड पाणी मिळतं आणि शेवटच्या आठवड्यात तळातलं दाट औषध. एका मुलाचं असंच चाललं होतं. बाटली नवी फोडली की आकडी, बाटली संपत आली की मूल दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खायचं. घरच्यांनी अमावास्येशी नातं जोडलं होतं. महिन्याची बाटली, तेव्हा तिथीशी जुळायचंही! मी बाटली उजेडात धरून दाखवली तेव्हा बाप गप्प झाला. प्रत्येक वेळी बाटली दहा-बारा वेळा नीट उलटीपालटी करायची, तळ स्वच्छ दिसेपर्यंत.

कंपनीही शक्यतो बदलू नका. तेच औषध दुसऱ्या कंपनीचं घेतलं तर बहुतेक वेळा काही होत नाही, पण फेनिटॉईन, कार्बामॅझेपिनसारख्या अरुंद जागेच्या औषधात थोडा फरकही पुरतो. बदलावीच लागली तर तारीख वहीत टाका आणि डॉक्टरांना कळवा.

पावसाळा गोळ्यांतही शिरतो

आपल्याकडे जूनपासून चार महिने कपाटातल्या कपड्यांना वास येतो, पापड मऊ पडतात, माचीस पेटत नाही. गोळ्या काय वेगळ्या आहेत? कार्बामॅझेपिनची गोळी दमट हवेत कडक होते, पोटात नीट विरघळत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९० मध्ये इशारा दिला होता की दमट जागी ठेवलेल्या या गोळ्यांचा परिणाम एक तृतीयांशापर्यंत कमी होऊ शकतो. तिकडे बाथरूममधल्या कपाटाबद्दल बोलत होते. आपलं अख्खं घर आषाढात बाथरूमच असतं. सोडियम व्हॅल्प्रोएटच्या गोळ्या तर हवेतलं पाणी ओढून चिकट होतात.

म्हणून आठवड्याच्या गोळ्या सोडवून वाराच्या डबीत भरून ठेवायची शहरी सवय इथे नको. स्ट्रिप फोडायची ती तोंडात घालण्याच्या क्षणी. स्ट्रिपा घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा कपाटात. चुलीवरची फळी नको, न्हाणीची खिडकी नको, देव्हाऱ्यातला कोनाडाही नको, तिथे समई जळते. सिरप फ्रीजमध्ये ठेवायचं की नाही हे लेबलवर लिहिलेलं असतं, तसं लिहिलं नसेल तर बाहेरच ठेवा. बाटली उघडल्याची तारीख पेनाने लेबलवर घाला.

लेव्हल कधी करायची

हे डॉक्टर ठरवतात. पण त्यांनी "तीन आठवड्यांनी" सांगितलं आणि तुमची मुंबईची फेरी पुढच्या सोमवारीच आहे म्हणून तुम्ही सोमवारीच उरकून घेतली, तर पैसे वाया. औषध सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर रक्तातलं प्रमाण स्थिर व्हायला वेळ लागतो. व्हॅल्प्रोएटला तीन-चार दिवस पुरतात, फेनिटॉईनला एक-दोन आठवडे, फेनोबार्बिटोनला दोन-तीन आठवडे. कार्बामॅझेपिनची तऱ्हा न्यारी. ते यकृताला स्वतःलाच जास्त वेगाने मोडायला शिकवतं, त्यामुळे पहिल्या तीन-चार आठवड्यांत डोस तोच असूनही लेव्हल उतरते. पहिल्या आठवड्यातला छान आकडा बघून निर्धास्त झालेल्या घरात महिन्याने पुन्हा आकडी येते, ती यामुळेही.

एरवी लेव्हल लागते ती आकड्या पुन्हा सुरू झाल्या, मूल सुस्त किंवा तोल जाणारं दिसू लागलं, सोबत दुसरं औषध आलं, वजन बरंच बदललं किंवा डोस पोचतोय की नाही अशी शंका असली की.

रक्त काढण्याचा दिवस

किनाऱ्यावरच्या माणसाला हे सांगणं सोपं आहे. डोस दिला की रक्तातलं औषध भरतीसारखं चढतं, मग उतरत जातं, आणि पुढच्या डोसच्या अगदी आधी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी असते. कालवं काढायला आपण सुकती बघूनच खडकावर उतरतो. लेव्हलही बहुतेक वेळा सुकतीचीच बघतात, कारण त्यावेळीही औषध पुरेसं उरलंय का, हे कळायला हवं. रिपोर्टवर छापलेल्या मर्यादाही सहसा त्याच वेळेच्या धरलेल्या असतात.

तर आदल्या रात्रीचा डोस नेहमीच्या वेळी द्या आणि घड्याळ बघून वहीत लिहा: "रात्री ९.००, ३ मिली, पूर्ण गेलं." सकाळचा डोस देऊ नका, सिरिंजसकट पिशवीत घ्या. रक्त काढून झालं की लगेच तिथेच बाकड्यावर बसून द्या.

इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो 'उपाशी' या शब्दाचा. लॅबचा मुलगा फोनवर सांगतो, "रिकाम्या पोटी या." तो सवयीने साखरेच्या तपासणीचं बोलतो. लेव्हलला मूल जेवणाचं उपाशी नको, फक्त त्या औषधाचं उपाशी हवं. सोबत दुसरी काही तपासणी नसेल तर पेज, दूध, चपाती खुशाल द्या. रडून अर्धमेल्या झालेल्या उपाशी पोराच्या हाताला शीर सापडत नाही, आणि आकडीच्या मुलाला उपाशी, झोपमोड करून नेणं तसंही बरं नाही.

डोस मात्र ताटकळत ठेवू नका. लॅब बंद निघाली, एसटी चुकली, गाडी रत्नागिरीला दीड तास उभी राहिली, तर दुपारपर्यंत औषधाविना बसण्यात शहाणपण नाही. डॉक्टरांना फोन करा. लागला नाही तर डोस द्या, तपासणी दुसऱ्या दिवशी. एक सॅम्पल हुकलं तर नुकसान थोड्या पैशांचं आणि एका फेरीचं. डोस हुकला तर आकडीचं.

मुंबईला जाणाऱ्यांची एक सोय अशी की संध्याकाळी कोकणकन्या धरली तर रात्रीचा डोस गाडीतच नेहमीच्या वेळी जातो, पहाटे दादरला उतरता, आणि सकाळचा डोस व्हायच्या आत परळला पोचता. तिथे केईएम रुग्णालयात औषधांच्या लेव्हलचं काम करणारा विभाग आहे. पावसाळी वेळापत्रकात गाडी रेंगाळते, हे धरून चाला. हल्ली फेरीची गरजही कमी झाली आहे, कारण तालुक्याच्या लॅब रक्त काढून मुंबई-पुण्याला पाठवतात आणि रिपोर्ट एक-दोन दिवसांत मोबाइलवर येतो. शनिवारी दुपारी मात्र देऊ नका, सॅम्पल रविवारभर कुठे पडून राहील सांगता येत नाही.

लॅबमध्ये तीन गोष्टी तुम्हीच आठवणीने करा. शेवटच्या डोसची तारीख-वेळ फॉर्मवर लिहून घ्या. फॉर्मवर रकाना नसतोच बऱ्याचदा, वरच्या कोपऱ्यात लिहा. चालू असलेली सगळी औषधं सांगा. आणि नळी कुठली वापरणार ते विचारा. काही औषधं, त्यात फेनिटॉईन आणि कार्बामॅझेपिन, जेल असलेल्या नळीत राहिली तर जेल औषध शोषून घेतं आणि आकडा खोटा कमी येऊ शकतो. साध्या लाल झाकणाच्या नळीला ही भीती नाही. टॅक्रोलिमसला उलट अख्खं रक्त लागतं, जांभळ्या झाकणाच्या नळीत. विचारलं म्हणून कुणी चिडलं तर चिडू दे.

दोन अपवाद. डिगॉक्सिनचं रक्त डोसनंतर निदान सहा तासांनी काढायचं, लवकर काढलं तर आकडा फुगलेला येतो. आणि औषध जास्त झाल्याची शंका असेल, म्हणजे मुलाने बाटली तोंडाला लावली किंवा भलताच गुंगलाय, तर सुकतीची वाट बघायची नाही. लगेच दवाखाना गाठायचा, रक्त त्या क्षणी काढतात.

रिपोर्ट वाचताना

आकड्याआधी त्याचं माप बघा. आकडीच्या औषधांचं आपल्याकडे सहसा मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असतं. त्या मापात नेहमीच्या मर्यादा अशा: फेनिटॉईन १० ते २०, कार्बामॅझेपिन ४ ते १२, व्हॅल्प्रोएट ५० ते १००, फेनोबार्बिटोन साधारण १५ ते ४०. लॅबनुसार थोडं इकडेतिकडे.

आता एवढं पाठ झालं म्हणजे सगळं कळलं असं नाही. मूल वर्षभर आकडीशिवाय हसतंखेळतंय आणि व्हॅल्प्रोएट ४२ आलं, तर बरेच डॉक्टर डोस आहे तसाच ठेवतात. आणि दुसरं मूल मर्यादेच्या आत असूनही डोळ्यांवर झापड घेऊन वर्गात बसत असेल, तर त्याला तो आकडा जास्तच आहे. उपचार मुलावर चाललाय, कागदावर नाही.

फेनिटॉईनमध्ये आणखी दोन गमती आहेत, आणि दोन्ही धोक्याच्या. पहिली अशी की त्याला मोडण्याची यकृताची ताकद एका हद्दीपर्यंतच. ती हद्द आली की डोस दहा-पंधरा टक्क्यांनी वाढवला तरी आकडा दीडपट, दुप्पट होऊ शकतो. म्हणून "डॉक्टरांनी अर्धा मिली वाढवला, आपण एक वाढवू, लवकर गुण येईल" हे गणित इथे चालत नाही. दुसरी गंमत अशी की रक्तातलं सुमारे नव्वद टक्के फेनिटॉईन अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटलेलं असतं, काम करतं ते उरलेलं मोकळं. मूल कुपोषित असेल किंवा लघवीतून प्रथिनं जात असतील, तर रिपोर्टवर एकूण आकडा कमी दिसतो आणि मोकळं औषध पुरेसं असतं, कधी जास्तही. मुलाला असा आजार असेल तर रिपोर्ट दाखवताना तो आवर्जून सांगा. दुसऱ्या गावचा डॉक्टर तुमचा चेहरा बघून अल्ब्युमिन ओळखणार नाही.

सोबत काय पोटात जातंय

घरात कुणाला टीबी निघाला आणि मुलालाही औषधं सुरू झाली, तर आकडीच्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात कळवा. आयसोनियाझिड फेनिटॉईन आणि कार्बामॅझेपिन वाढवतं, रिफाम्पिसिन उतरवतं, दोन्ही एकदम चालू असतील तर अंदाजाने काही सांगता येत नाही. घशासाठी दिलेलं एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन कार्बामॅझेपिन चढवतं. अशा वेळी मूल दोन-दोन दिसतंय म्हणतं, चालताना भेलकांडतं. उलटाही प्रकार आहे. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसच्या तापासाठी मोठ्या मुलांना डॉक्सिसायक्लिन मिळतं, आणि कार्बामॅझेपिन, फेनिटॉईन, फेनोबार्बिटोन यांच्यामुळे ते अंगातून लवकर निघून जातं. देणाऱ्याला आकडीचं औषध सांगितलंच पाहिजे.

"हे काय औषध थोडंच आहे" म्हणून जे दिलं जातं, त्याची मला जास्त धास्ती वाटते. परीक्षा आली की बुद्धीसाठी शंखपुष्पीचं सिरप आणतात. मुंबईच्या केईएममधल्या डॉक्टरांना दोन रुग्णांत असं दिसलं की फेनिटॉईनसोबत शंखपुष्पीयुक्त सिरप सुरू झालं आणि आवरलेल्या आकड्या पुन्हा आल्या. मग त्यांनी उंदरांवर तपासलं, तर फेनिटॉईनची लेव्हल खरंच उतरली. हे १९९२ मध्ये छापून आलं. तीस वर्षं उलटली, आणि मला अजून दर मार्चमध्ये काउंटरवर तेच सांगावं लागतं.

टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनवरच्या मुलांना पपनस देऊ नका. गणपतीच्या माटवीला टांगलेलं पपनस विसर्जनानंतर सोलून सगळ्या पोरांत वाटतात, ते याला नको. ते फळ आतड्यातली औषध मोडण्याची क्रिया अडवतं आणि लेव्हल वर जाते. संत्रं, मोसंबं चालतं.

जागरणं आणि पाहुणे

आमच्या भागात डोस चुकतो तो आळसाने नव्हे, उत्सवाने. दशावतार रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटे संपतो, शिमग्यात पालखी घरी यायची वेळ कुणी सांगू शकत नाही, गणपतीत भजनं घरोघर फिरतात. मूल आजोबांच्या मांडीवर झोपून जातं आणि नऊचा डोस राहतो. झोपमोड आणि चुकलेला डोस, दोन्ही एकाच रात्री! म्हणून औषध जत्रेला जाताना पिशवीतच न्या, आणि द्यायचं काम एकाच माणसाकडे ठेवा. घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं तेव्हा एक तर तिघं देतात किंवा कुणीच देत नाही. दिला की वहीत बरोबरची खूण.

डोस विसरला, किंवा देऊन दहा मिनिटांत उलटी झाली तर काय करायचं, हे औषधागणिक वेगळं असतं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा आणि उत्तर वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. दुप्पट डोस देऊन भरपाई करू नका. आणि अंगारा लागू पडला, महिना झाला आकडी नाही, म्हणून औषध एकदम बंद करू नका. देवाला नवस बोला, औषधही चालू ठेवा. एकदम तोडल्याने न थांबणारी आकडी येऊ शकते.

वाट बघायची नाही तेव्हा

आकडी पाच मिनिटांहून लांबली, किंवा एक संपून शुद्ध येण्याआधी दुसरी आली, तर १०८ ला फोन करा. तोवर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा आणि चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, आकडी किती वाजता सुरू झाली ते बघून ठेवा. व्हॅल्प्रोएटवरचं मूल सारखं ओकतंय, खात नाही, झोपाळलंय, डोळे पिवळे दिसतात, तर त्याच दिवशी दाखवा. दोन वर्षांखालच्या बाळांत यकृताचा धोका जास्त असतो. कार्बामॅझेपिन, फेनिटॉईन किंवा फेनोबार्बिटोन नव्याने सुरू झाल्यावर अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा डोळे लाल दिसले, तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टर गाठा. हिरड्या सुजणं फेनिटॉईनने होतं, ते घाईचं नाही, पण दाखवून ठेवा.

आणि साठा

गणपतीच्या आधी आठ दिवस महामार्गावर गाड्यांची रांग लागते, घाटात दरड आली तर माल येणारी गाडी दोन-दोन दिवस अडते. आकडीची काही सिरपं माझ्याकडे महिन्याला चार-पाच बाटल्याच खपतात, म्हणून मी जास्त भरून ठेवत नाही, दुसरे दुकानदारही नाहीत. बाटलीत बोटभर औषध उरलं की लगेच या, तळ दिसल्यावर नको. ज्यांची मुलं नेमाने घेतात त्यांची नावं मी एका डायरीत लिहून ठेवली आहेत आणि जुलैच्या शेवटी एकेकाला फोन करते. त्या ११८ वाल्या मुलाच्या आईला यंदा केला, तर तिनेच मला सांगितलं, "बाटली कालच नेलंय. तुमच्या पोरग्यान दिल्यान. ५ मिलीत २००, वाचून बघितलंय."